टेबलाच्या दोन्ही बाजू

निवृत्त झाल्यापासून मोहल्ल्यातल्या बायका मला एक प्रश्न हमखास विचारतात. "आपा, तुम्ही कलेक्टर ऑफिसात होतात ना?" मी म्हणते, "नाही, जिल्हा परिषदेत." त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे तेच ना?"

तेच नाही. पण त्यांचा गैरसमज समजण्यासारखा आहे. कलेक्टरच्या गाडीवर दिवा असायचा, त्यामुळे कलेक्टर सगळ्यांना ठाऊक. जिल्हा परिषद मात्र घरात रोज येऊनही ओळखू येत नाही. गावात बाळ जन्मलं की ग्रामपंचायतीत त्याची नोंद होते. त्याला पहिली लस टोचणारी उपकेंद्रातली सिस्टर, अंगणवाडीतल्या ताई, पहिलीचे गुरुजी, गावापासून हमरस्त्यापर्यंतचा डांबरी तुकडा, नळाचं पाणी, बकरीला लस टोचणारे दवाखान्यातले डॉक्टर, या सगळ्यांची फाइल शेवटी जिल्हा परिषदेच्या एखाद्या कपाटात सापडते. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आज राज्यात ३६ जिल्हे आहेत आणि जिल्हा परिषदा ३४. मुंबईच्या दोन जिल्ह्यांत सगळा कारभार महापालिकेचा, म्हणून तिथे जिल्हा परिषद नाही.

माझा एक भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या घरी दर वर्षी एक बिल येतं. त्यावर काउंटी कौन्सिलचा वाटा किती, खालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा किती, पोलिसांचा किती, हे ओळीओळीने छापलेलं असतं. पैसे थेट खिशातून जातात, म्हणून तिथला माणूस रस्त्यात खड्डा पडला की काउंटीला जाब विचारतो. आपल्याकडे असं बिल घरी येत नाही. जमीन महसुलावरचा उपकर, खरेदीखताच्या मुद्रांक शुल्कातला हिस्सा आणि सरकारी अनुदान अशा वाटांनी पैसा येतो. तो आपलाच असतो, पण आपल्या हातून गेल्याचं आपल्याला दिसत नाही. मग विचारायचं कुणाला आणि काय, हेही सुचत नाही. मी त्या इमारतीत ३४ वर्षं काढली. तिथे रोज काय चालतं, ते आपल्या घरांतल्या माणसांना कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

या इमारतीशी माझी पहिली ओळख टेबलाच्या बाहेरच्या बाजूने झाली. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. १९८८ मध्ये, नोकरीत असतानाच त्यांचा इंतकाल झाला. मी तेव्हा २२ वर्षांची, धाकटे दोन भाऊ शाळेत. अम्मी इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस तिला घराबाहेर पडायचं नव्हतं, आणि कार्यालयाला तर तिची सही हवी होती. मी कागद घेऊन जायची, सही घेऊन यायची. कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण एका कार्यालयात होतं. आधी पत्र आलं की सेवापुस्तकात एका रजेच्या नोंदीवर सही नाही. ती आणली. महिन्याभराने दुसरं पत्र, नियुक्तीच्या आदेशात नाव 'महंमद' आहे आणि सेवापुस्तकात 'मोहम्मद', तरी प्रतिज्ञापत्र जोडावं. ते केलं. मग तिसरं, शाळेचं ना-देय प्रमाणपत्र नाही. म्हणजे शाळेची घंटा, पृथ्वीचा गोल आणि नकाशे अब्बांच्या ताब्यातून नव्या गुरुजींच्या ताब्यात गेल्याचा कागद. चौथ्या पत्रात अम्मीचा फोटो मागितला होता. यांतली एकही मागणी चुकीची नव्हती. पण चारही गोष्टी पहिल्याच दिवशी त्या फाइलीत दिसत होत्या. एका पत्रात लिहिल्या असत्या तर दोन महिन्यांत काम झालं असतं. झालं चौदा महिन्यांनी. तोवर अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या आणि मामूंनी किराणा भरला.

१९९० मध्ये मला अनुकंपा तत्त्वावर कनिष्ठ सहायक म्हणून घेतलं. अट होती मिनिटाला ३० शब्द मराठी टंकलेखनाची. ती परीक्षा मी आधीच दिली होती. पहिलं टेबल मिळालं आवक-जावकचं. आमच्याकडे त्याला बारनिशी म्हणतात.

जिल्ह्याचा कारभार कसा चालतो हे शिकायचं असेल तर बारनिशीसारखी दुसरी शाळा नाही. सकाळी टपालाचा गठ्ठा फुटतो. प्रत्येक कागदावर शिक्का, तारीख, क्रमांक. साहेब कोपऱ्यात विभागाचं नाव लिहितात आणि कागद त्या टेबलाकडे जातो. तिथला लिपिक तो आपल्या कार्यविवरण नोंदवहीत चढवतो, फाइल काढतो, टिप्पणी लिहितो. टिप्पणी अधीक्षकांकडे, त्यांच्याकडून अधिकाऱ्यांकडे, पैशाचा विषय असेल तर मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडे आणि गरज असेल तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जाते. त्याच वाटेने ती खाली येते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की कागद उगाच फिरतो आहे. पण प्रत्येक सही कुणाची तरी जबाबदारी ठरवते. उद्या शाळेचं छप्पर पडलं तर त्याच सह्या पाहिल्या जातात.

टेबलावरच्या फाइलींसाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. निर्णय व्हायचा आहे ती प्रकरणं पहिल्या गठ्ठ्यात. दुसऱ्या कुणाचं उत्तर यायचं आहे ती प्रतीक्षेत. ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल वेगळे, कायमचे आदेश वेगळे. काम संपून अभिलेख कक्षात जायच्या फाइली पाचव्या गठ्ठ्यात आणि नष्ट करायचे कागद सहाव्यात. जुन्या फाइलींनाही वर्ग आहेत. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं, 'क-१' पाच वर्षं आणि 'ड' एक वर्ष. आळशी टेबल ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रतीक्षेचा गठ्ठा. करायचं काम ज्याला टाळायचं असतं तो एखादं साधं पत्र कुणाला तरी पाठवतो आणि फाइल प्रतीक्षेत टाकून देतो. कागदोपत्री तो निर्दोष असतो. पलीकडे कुणाची तरी अम्मी वाट पाहत असते.

आमचे अधीक्षक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. वारकरी माणूस. दुपारच्या जेवणात माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधून आणायचे. त्यांनी मला टिप्पणी लिहायला शिकवलं. म्हणायचे, "उद्या तू रजेवर असलीस तरी वाचणाऱ्याला तुला फोन करावा लागता कामा नये." मी निवृत्तिवेतनाच्या टेबलावर आले तेव्हा एक पद्धत ठेवली. प्रकरण आलं की पहिल्याच दिवशी शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि सगळ्या त्रुटी एकाच पत्रात, एक-दोन-तीन असे क्रमांक घालून कळवायच्या. शेजारच्या टेबलावरचे हसायचे. "ताई, सगळं एकदम सांगितलंत तर लोक परत यायचे कशाला?" परत येऊ नयेत, यासाठीच तर ते होतं. आपल्या घरांत अमानत हा शब्द आपण दागिन्यांसाठी, फार तर पैशांसाठी वापरतो. मला तो टेबलावरच्या फाइलीसाठी जास्त खरा वाटत आला आहे. तिच्यात दुसऱ्याचं काहीतरी असतं आणि ते परत करायला उशीर लावणं हाही खयानतीचाच प्रकार आहे.

जिल्हा परिषदेचं वर्ष शेतकऱ्याच्या वर्षासारखं ऋतूंवर चालतं. जूनमध्ये शाळा उघडतात आणि गणवेश, पुस्तकं, गळणारी छपरं यांचा पाऊस सुरू होतो. पावसाळ्यात साथीचे आजार, विहिरींतलं ब्लीचिंग पावडर, वाहून गेलेल्या मोऱ्या. ऑक्टोबर उजाडला की पाणीटंचाईचा आराखडा. बाहेर ओढे वाहत असतात आणि आत बसून आम्ही एप्रिलमध्ये कोणत्या वाडीची विहीर आटेल ते लिहीत असतो. आराखड्याचे तीन टप्पे असतात, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. टँकरच्या पाण्याचा हिशेब माणशी रोज २० लिटर. घागरी मोजणाऱ्या बाईला विचारा २० लिटर म्हणजे किती. पण ज्या गावाचा ठराव वेळेत येत नाही, त्याला तेवढंही उशिरा मिळतं. टँकर उशिरा आला म्हणून ओरडा होतो. ग्रामसभेत ठराव करायला कुणी बसलं नव्हतं, हे कुणाला आठवत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक. जिल्हा परिषदेकडून खर्च होणारा बहुतेक पैसा राज्य सरकारकडून ठरावीक कामासाठीच आलेला असतो. पगार, शाळा, दवाखाने यांत तो जातो. स्वतःच्या मर्जीने खर्च करता येतो तो स्वनिधी, आणि तो छोटा. त्यातलेही २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. शिलाई यंत्र, पिठाची चक्की, मुलींना सायकल अशा योजना याच पैशातून येतात. डिसेंबर २०१६ नंतर बहुतेक वस्तू आधी आपण विकत घ्यायच्या आणि पावती दाखवली की पैसे खात्यावर जमा, अशी पद्धत आली. वस्तूखरेदीतली जुनी गडबड त्यामुळे कमी झाली. पण जिच्या हातात आधी घालायला पैसेच नाहीत, ती बाई यादीत नाव लागूनही मागे राहिलेली मी पाहिली आहे.

आणि मग मार्च. राज्याचा निधी जिल्हा परिषदेला पुढच्या मार्चपर्यंत खर्च करता येतो. त्यामुळे मागच्या वर्षीचा निधी या वर्षीच्या ३१ मार्चला परत जाणार असतो. देयकं कोषागारात रात्री उशिरापर्यंत जातात. २०२३ चा ३१ मार्च रमजानमध्ये आला, जुम्माही होता. आम्ही चार-पाच जण रोजेदार. अजानची वेळ झाली तेव्हा लेखा विभागातल्या मुलींनी खजूर, कलिंगड आणि पाण्याच्या बाटल्या आमच्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. रोजा इफ्तार केला, मागच्या खोलीत मगरीबची नमाज झाली आणि पुन्हा देयकांवर बसलो. रात्री पावणेबाराला आरोग्य केंद्रांच्या दुरुस्तीचं शेवटचं देयक गेलं. ते राहिलं असतं तर पुढच्या पावसात प्रसूतीच्या खोलीत बादल्या ठेवाव्या लागल्या असत्या. मार्चअखेरची धावपळ ही थट्टेची गोष्ट झाली आहे, आणि थोडी आमच्याच दिरंगाईची आहे. पण त्या रात्री जागणारी माणसं आकड्यांमागे काय आहे हे विसरत नाहीत, निदान मी पाहिलेली तरी विसरली नव्हती.

विधिमंडळाची पंचायत राज समिती येणार म्हटलं की मात्र सगळ्या इमारतीला जाग येते. वर्षानुवर्षं न सापडलेल्या फाइली त्या आठवड्यात सापडतात. भिंतींना रंग, जिन्यात कुंड्या. एकदा आमच्याच एका सहकाऱ्याने कपाट हलवलं तर मागे १९७० च्या दशकातली हजेरीपत्रकं निघाली. "समिती दर महिन्याला आली तर संपूर्ण जिल्हा सुधारेल," असं अण्णा म्हणायचे.

सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. सदस्यसंख्या कायद्याने ५० ते ७५ अशी ठरलेली. मी लागले तेव्हा सभागृहात बहुतेक धोतरं, पायजमे आणि सफारी. १९९२ च्या निवडणुकीत महिलांना ३० टक्के जागा आल्या. पहिल्या सभेला काही बायका मागच्या रांगेत पदर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान दाराबाहेर उभे होते. लोक हसायचे. दोन वर्षांनी त्यांतल्याच एका बाईने उपकेंद्रातली सिस्टर किती दिवस गैरहजर होती याच्या तारखा कागदावरून वाचून दाखवल्या तेव्हा आरोग्य अधिकाऱ्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागलं. त्या तारखा तिने स्वतः घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या होत्या, दुधाच्या हिशेबाशेजारी. पुढे ३० चे ३३ टक्के झाले आणि २०११ च्या कायद्याने ५० टक्के. आता महिला सदस्य असणं ही बातमी राहिलेली नाही.

मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका न्यायालयातल्या वादात अडकल्या आणि प्रशासक आले. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. काही कामं लवकर होऊ लागली हे खरं आहे. टिप्पणी पाठवणारा विभाग आणि ठराव करणारं सभागृह यांमधलं अंतरच मिटलं होतं. पण दुपारी चारनंतर सदस्यांच्या मागे येणारी ती गर्दी थांबली. गळक्या शाळेचा फोटो मोबाइलवर दाखवणारा तो मनुष्य, पतीच्या उपचारांचं पत्र घेऊन आलेली ती म्हातारी, यांना आता कुणाचं नाव घेऊन आत यायचं हे कळेना. मी २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हाही सभागृहाला कुलूपच होतं. साफसफाईसाठी आठवड्याला उघडायचं.

आता त्या एका फाइलीबद्दल लिहिते, कारण ती आपल्या घरांशी थेट जोडलेली आहे.

शेवटची काही वर्षं मी प्राथमिक शिक्षण विभागात होते. शाळेत किती शिक्षक द्यायचे हे संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता पटावर. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन. २०२२-२३ मध्ये पट मोजताना ज्या मुलाचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळतं, तेवढीच मुलं धरायची असं ठरलं. खोटा पट बंद व्हावा हा हेतू. हेतू चांगलाच होता. आमच्या जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका उर्दू शाळेची माहिती माझ्यासमोर आली. पटावर ६६ मुलं, जुळणारी ५७. तिथे मंजूर पदं तीन, काम करणारे शिक्षक दोन, तिसरे गुरुजी आधीच निवृत्त झालेले. ५७ वर शिक्कामोर्तब झालं असतं तर तिसरं पद कायमचं गेलं असतं, आणि दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळणं हीच त्या शाळेची रीत झाली असती.

ती नऊ मुलं खोटी नव्हती. मी मुख्याध्यापकांकडून एकेकाचं कारण मागवलं. दोघांच्या जन्मनोंदीत नावच नव्हतं, फक्त आईचं नाव आणि 'मुलगा'. तिघांच्या शाळेच्या नोंदीत 'शेख' नावाच्या आधी होतं आणि आधारवर शेवटी. एकीच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, कारण कार्ड काढताना दाखला जवळ नव्हता. एकाचं नाव नानीच्या गावच्या शाळेतही होतं. उरलेल्या दोघांचं आधार काढलेलंच नव्हतं. म्हणजे एकाही घराने लबाडी केलेली नव्हती. कागद जेव्हा पहिल्यांदा तयार झाला तेव्हा तो कुणी वाचून पाहिला नव्हता, इतकंच.

मी टिप्पणीत नऊ मुलांची कारणं नऊ ओळींत लिहिली आणि प्रत्येक कारणासमोर तो कागद कोणत्या कार्यालयात दुरुस्त होईल ते लिहिलं. शिक्षणाधिकाऱ्यांनी ती टिप्पणी तशीच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवली. केंद्रप्रमुख त्या गावी गेले. मीही एका रविवारी गेले. ते माझ्या कामात नव्हतं, पण आया पुरुष अधिकाऱ्यासमोर कमी बोलतात हे मला ठाऊक होतं. मशिदीजवळच्या एका घराच्या पडवीत सगळ्या बसल्या. पत्र्याच्या पेट्या, प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत निकाहनामे, रेशनकार्डं, लसीची कार्डं, एकात एक घडी घातलेली. एका आईने विचारलं, "आपा, माझं पोर रोज शाळेत जातंय. कागद जुळला नाही म्हणून ते शाळेत नव्हतं का?"

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिच्या पिशवीतून लसीचं कार्ड काढलं. त्यावर जन्मतारीख नीट लिहिलेली होती. ग्रामपंचायतीतून जन्मदाखला मिळाला. मुदत वाढून मिळाली होती म्हणून निभावलं. नऊपैकी सात मुलं जुळली. पट ६४ झाला आणि तिसरं पद राहिलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं वाटलं असतं. पण पद मंजूर असणं वेगळं आणि वर्गात माणूस उभं असणं वेगळं. ती जागा वर्षभर रिकामीच होती. २०२४ मध्ये पवित्र पोर्टलच्या भरतीतून दुसऱ्या जिल्ह्यातली एक मुलगी तिथे शिक्षिका म्हणून आली. त्या वर्षभरात चार घरांनी मुलं काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली होती. त्यांना दोष कसा द्यायचा? पण पट कमी होतो म्हणून शिक्षक जातो, आणि शिक्षक जातो म्हणून पट कमी होतो, हा रहाट आपल्या कितीतरी उर्दू शाळांच्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या मराठी शाळांच्या गळ्याला लागला आहे. त्याची एक कडी कार्यालयाच्या हातात असते. दुसरी आपल्या घरातल्या पेटीत असते.

म्हणून काही गोष्टी सांगून थांबते. बाळ जन्मल्यावर २१ दिवसांच्या आत नोंद करा, तिला पैसे पडत नाहीत. नाव ठरायचं असेल तर नोंद थांबवू नका. नाव नंतर घालता येतं, पण १५ वर्षांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. 'शेख', 'सय्यद', 'बेगम', 'बी' नावाच्या आधी की नंतर, मोहम्मद कसं लिहिलं आहे, बापाचं नाव पूर्ण आहे का, हे एकदा ठरवा आणि घरातल्या प्रत्येक कागदावर तेच ठेवा. आजोबांचं नाव कसं लिहायचं यावर घरात एकमत झालं, तर नातवाची अर्धी अडचण संपते.

कुठल्याही कार्यालयात अर्ज द्याल तर दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि बारनिशीचा क्रमांक घ्या. ही पोच मागायला लाजू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे हवेत बोललेला शब्द. जन्म-मृत्यूचे दाखले, घराचा नमुना आठचा उतारा अशा सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ठरलेल्या दिवसांत मिळायला हव्यात. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचं शुल्क भरून विचारता येतं की माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे. माझ्या अनुभवात हा एक प्रश्न प्रतीक्षेच्या गठ्ठ्यातली फाइल वर काढतो. "किती द्यावे लागतील?" असं कुणी मला विचारलं की मी म्हणायची, सरकारी पावती मिळेल तेवढेच.

आणि ग्रामसभेला जा. बायकांनी तर जाच. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा आयांच्या आणि इतर महिलांच्या असतात. त्या नावापुरत्या भरू देऊ नका. सप्टेंबरच्या आत गुरुजींना एवढंच विचारा की आपल्या शाळेचा पट किती, त्यांतली किती मुलं जुळली आणि न जुळलेल्यांत माझं मूल आहे का. तिथून पुढचं काम लिपिकाचं आहे. तो करतो की नाही, ते पाहायला पोच तुमच्या पेटीत असू द्या.